हिंकलचा डोअरकीपर

हिंकल फील्डहाउसमध्ये पहिल्यांदा आलेला माणूस दाराशी उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, स्वच्छतागृह कुठे आहे? दुसरा, बॉबी प्लंपने तो शॉट नेमका कुठून मारला? पहिल्याचं उत्तर बोट दाखवून देता येतं. दुसऱ्याचं द्यायला लागलं की मागची रांग खोळंबते, पण कुणी कुरकुर करत नाही. त्यांनाही तेच ऐकायचं असतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. पुण्यात शिकलो, तिथेच नोकरीला लागलो आणि नोकरीनेच मला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात आणून टाकलं. 1962 मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाल्यापासून कोथरूड ते इंडियानातलं कोलंबस ही वाट मराठी इंजिनिअरांच्या पायाखालची झाली आहे. त्या वाटेने आलेल्या अनेकांपैकी मी एक. निवृत्तीनंतर लेकीजवळ इंडियानापोलिसला राहायला आलो. घरात बसून राहण्याची सवय नव्हती. बटलर विद्यापीठाच्या जुन्या बास्केटबॉल सभागृहात सामन्यांच्या दिवशी माणसं लागतात असं कळलं. बायको म्हणाली, “आयुष्यभर इंजिनं बघितलीत, आता जरा माणसं बघा.” तेव्हापासून हिवाळा आला की मी जाकीट चढवून दाराशी उभा असतो.

काम तसं साधं. तिकिटं तपासायची, ज्याला त्याला त्याच्या रांगेपर्यंत पोचवायचं, पायऱ्यांवर कुणी उभं राहू नये हे पाहायचं. पण हिवाळ्यातल्या इंडियानात साधं कामही चिखलातून जातं. रस्त्यावर बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकलेलं असतं. लोकांच्या बुटांबरोबर ते आत येतं, उतारावर पांढुरकं पाणी साचतं आणि म्हाताऱ्यांचे पाय घसरतात. त्यामुळे माझा निम्मा वेळ कुणाचा तरी कोपर धरण्यात जातो. वरच्या बाजूची लाकडी बाकं अरुंद आहेत. फळीवर नंबर टाकलेले, दोन नंबरांमधलं अंतर मागच्या पिढ्यांच्या सडपातळ अंगयष्टीला साजेसं. आजचे दोन धष्टपुष्ट गृहस्थ शेजारी बसले की तिसऱ्याच्या नंबरावर अतिक्रमण ठरलेलं. हा तिसरा माझ्याकडे तक्रार घेऊन येतो. मी बाकाकडे बघतो, त्या दोघांकडे बघतो आणि म्हणतो, “ही 1928 ची इमारत आहे.” नवल म्हणजे एवढ्याने त्याचं समाधान होतं. नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये याच माणसाने पैसे परत मागितले असते.

जुन्या वास्तूचं हे एक सामर्थ्य. तिच्या गैरसोयी लोक मिरवतात. गुडघे पुढच्याच्या पाठीत रुतले तरी घरी जाऊन सांगतात की आम्ही हिंकलमध्ये बसून सामना पाहिला.

ही इमारत उभी राहिली त्याची गोष्ट हळवी अजिबात नाही, चोख हिशेबाची आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या 41 व्यावसायिकांनी एकत्र येऊन पैसा उभा केला. बटलर तेव्हा छोटं विद्यापीठ, त्याला पंधरा हजार प्रेक्षकांचं सभागृह काय करायचं होतं? पण इंडियानात शालेय बास्केटबॉलचं वेड असं, की राज्य स्पर्धेचे अंतिम सामने इथे भरवायचा दहा वर्षांचा करार राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेशी झाला आणि त्या हिशेबाने एवढा मोठा आकार ठरला. म्हणजे विद्यापीठाच्या आवारात उभी असली तरी मापाने ही इमारत शाळकरी पोरांची. मार्च 1928 मध्ये पहिला सामना झाला, बटलरने नोटर डेमला जादा वेळेत हरवलं. पुढे वीसहून अधिक वर्षं बास्केटबॉलसाठी देशात याहून मोठं सभागृह नव्हतं. सुरुवातीला कोर्ट पूर्व-पश्चिम होतं. जास्त लोकांना नीट दिसावं म्हणून 1933 मध्ये ते फिरवून उत्तर-दक्षिण केलं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने इमारत ताब्यात घेतली आणि जिथे सामने होत तिथे सैनिक झोपू लागले. ते गेल्यावर पुन्हा बास्केटबॉल सुरू झाला.

नाव आधी बटलर फील्डहाउस होतं, 1966 मध्ये टोनी हिंकल यांचं दिलं गेलं. हे गृहस्थ 1921 ते 1970 बटलरमध्ये होते. बास्केटबॉल, फुटबॉल, बेसबॉल, तिन्ही संघांचे ते कोच. बास्केटबॉलचे 560 सामने त्यांनी बटलरला जिंकून दिले. जगभर आज बास्केटबॉलचा चेंडू नारिंगी दिसतो तोही त्यांच्याच आग्रहामुळे. पूर्वी चेंडू गडद तपकिरी असे, प्रेक्षकांना आणि खेळाडूंनाही तो पटकन दिसत नसे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हिंकल यांनी एका उत्पादक कंपनीला हाताशी धरून नारिंगी चेंडू आणला आणि तो सगळीकडे झाला. ही हकिगत मी लहान मुलांना सांगतो. मोठ्यांना प्लंप हवा असतो, पोरांना मात्र चेंडूचा रंग कुणीतरी ठरवला होता याचंच आश्चर्य वाटतं.

आत पाऊल टाकल्यावर माणूस थांबतो आणि वर बघतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता दारापासून दोन पावलं आत मुद्दाम जागा मोकळी ठेवतो, नाहीतर मागचा येऊन धडकतो. वर पोलादी कमानींचा प्रचंड सांगाडा आहे, त्याच्या वरच्या अंगाला खिडक्यांच्या रांगा. दुपारचा सामना असला की या खिडक्यांतून ऊन थेट आत उतरतं. नव्या सभागृहांत सूर्याला प्रवेश नसतो, तिथे दिवस आहे की रात्र हे घड्याळात बघावं लागतं. इथे पहिल्या हाफमध्ये एका बाजूच्या लोकांनी कपाळावर हात धरलेले दिसतात आणि सामना संपेपर्यंत तो उजेड सरकत सरकत दुसऱ्यांच्या मांडीवर गेलेला असतो. खेळाबरोबर दुपारही उतरणीला लागलेली दिसते.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान मी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलं. तिथेही म्हातारे लोक नव्या मल्लाची कुस्ती बघता बघता जुन्या मल्लाची सांगत, आणि कोणती कुस्ती समोर चालली आहे आणि कोणती चाळीस वर्षांपूर्वीची आहे हे पोराला समजेनासं होई. हिंकलमध्ये वरच्या बाकांवर बसलेल्या आजोबांच्या बोलण्यात हाच घोळ मी ऐकतो, फक्त भाषा वेगळी.

आता प्लंप. मार्च 1954. मिलान हे आग्नेय इंडियानातलं गाव, वस्ती हजार-अकराशेची. तिथल्या हायस्कुलात 161 विद्यार्थी. इंडियानात तेव्हा शाळा लहान असो वा मोठी, स्पर्धा एकच, सातशेहून अधिक शाळा त्यात उतरायच्या. मिलान जिंकत जिंकत अंतिम सामन्यात पोचलं. समोर मन्सी सेंट्रल, अनेकदा राज्य जिंकलेली मोठ्या गावातली शाळा. शेवटच्या क्वार्टरमध्ये मिलान दोन गुणांनी मागे होतं आणि तरीही प्लंप चेंडू हातात धरून नुसता उभा राहिला, चार मिनिटं तेरा सेकंद. ठरावीक वेळेत शॉट मारायला लावणारं शॉट क्लॉक तेव्हा नव्हतं, त्यामुळे हे नियमात बसत होतं. पंधरा हजार माणसं एका पोराला काहीही न करताना बघत होती. मग 30-30 अशी बरोबरी झाली. अठरा सेकंद उरले असताना टाइम आउट, पुन्हा प्लंपच्या हातात चेंडू. उरलेले सगळे एका बाजूला सरकले, प्लंपने एकट्याने पुढे घुसून उजवीकडून उडी मारून शॉट घेतला. 32-30.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल कोण जाणे. ऐकणाऱ्याचा चेहरा प्रत्येक वेळी चार मिनिटं तेरा सेकंदांपाशी खुलतो. शॉटपेक्षा त्या थांबण्याचं लोकांना अप्रूप आहे.

1986 मध्ये ‘हूजियर्स’ हा सिनेमा आला. मिलानच्या विजयावर बेतलेला, गावाचं नाव बदललेलं, जीन हॅकमन कोचच्या भूमिकेत. शेवटचा सामना इथेच चित्रित झाला. त्यात एक प्रसंग आहे. खेड्यातली पोरं एवढं मोठं सभागृह बघून दबकतात. कोच खिशातून टेप काढतो, फ्री थ्रोची रेघ मोजायला लावतो, पंधरा फूट, मग रिंगची उंची, दहा फूट. गावाकडच्या जिममध्ये होती तेवढीच. त्या प्रसंगामुळे आज कोणत्याही हंगामात लोक टेप घेऊन येतात. एकदा मिशिगनहून आलेल्या एका कुटुंबातल्या बापाने रिकाम्या कोर्टवर मुलाला खांद्यावर घेऊन टेपचं टोक रिंगला लावायला लावलं आणि खाली गुडघ्यावर बसून आकडा वाचला. दहा फूट म्हटल्यावर त्याचे डोळे पाण्याने भरले. दहा फूट असणार हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं. मला त्याचं हसू आलं नाही. पंढरपूरला जाणाऱ्यालाही विठोबा विटेवर उभा आहे हे आधीपासून ठाऊक असतंच की.

डोअरकीपरची गंमत अशी, की ऐन सामन्यात त्याची पाठ खेळाकडे असते. त्याने प्रेक्षकांकडे बघायचं. जानेवारी 2013 मध्ये गोंझागाविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत बटलर एका गुणाने मागे होतं आणि चेंडू गोंझागाकडे होता. रूझवेल्ट जोन्सने तो मधेच झडपला, धावत जाऊन टाकला आणि 64-63 ने सामना जिंकला. मी ते पाहिलंच नाही. मी पाहिलं ते समोरच्या स्टँडमधल्या हजारो तोंडांचं एकाच वेळी उघडणं. आवाज त्यानंतर आला, छताच्या पोलादावर आपटून उलटा खाली आल्यासारखा. पुढच्या क्षणी विद्यार्थी कोर्टवर धावले आणि आम्ही सगळे डोअरकीपर भिंतीला चिकटून उभे राहिलो. मी खासबागेत वाढलेला माणूस, गर्दी मला नवीन नाही. तरीही त्या आवाजाने छातीत कालवाकालव झाली.

इथवर सांगितलं ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळेल. पण माणसं बघत बघत उभं राहिलं की काही गोष्टी खटकू लागतात. मला खटकलं ते असं, की येणाऱ्यांपैकी बहुतेकांना 1954 माहीत असतं, 1955 नसतं.

1955 चं राज्य अजिंक्यपद क्रिस्पस अ‍ॅटक्स या शाळेने जिंकलं, याच सभागृहात. अ‍ॅटक्स ही इंडियानापोलिसने 1927 मध्ये केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेली शाळा. त्याआधी ती मुलं इतर शाळांत गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती, त्यांना वेगळं काढायचं म्हणून ती बांधली. 1942 पर्यंत अशा शाळांना राज्याच्या क्रीडा संघटनेत घेतच नसत, त्यामुळे राज्य स्पर्धेत त्यांना जागा नव्हती. अ‍ॅटक्सचं स्वतःचं व्यायामगृह फार लहान होतं. मोठे सामने ते या फील्डहाउसमध्ये खेळत. म्हणजे मिलानची पोरं इथे पाहुणी म्हणून आली होती, अ‍ॅटक्सच्या पोरांना मात्र हे घरच्या अंगणासारखं होतं.

दोन्ही कथा एकमेकींना भेटल्याही आहेत. 1954 मध्ये अंतिम फेरीआधीच्या सामन्यात मिलानने याच कोर्टवर अ‍ॅटक्सला 65-52 असं हरवलं. हरलेल्या संघात दहावीतला एक उंच मुलगा होता, ऑस्कर रॉबर्टसन. पुढच्या वर्षी त्याच मुलाला घेऊन कोच रे क्रो यांचा संघ अंतिम सामन्यात आला आणि गॅरीच्या रूझवेल्ट शाळेला 97-74 ने हरवून गेला. इंडियानापोलिसच्या कोणत्याही शाळेने राज्य अजिंक्यपद जिंकण्याची ती पहिलीच वेळ. सगळे खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या शाळेने खुली राज्य स्पर्धा जिंकण्याची ती साऱ्या देशातली पहिली वेळ. 1956 मध्ये अ‍ॅटक्सने पुन्हा राज्य जिंकलं, वर्षभरात एकही सामना न हरता. रॉबर्टसन पुढे 1960 चं ऑलिंपिक सुवर्णपदक आणि एनबीए गाजवून बास्केटबॉलमधल्या सार्वकालिक मोठ्या खेळाडूंत जाऊन बसला.

रे क्रो आपल्या पोरांना सांगत, की सुरुवातीचे दहा गुण रेफरींच्या खात्यात धरा, सामना त्यानंतर सुरू होतो. रेफरी आपल्या बाजूने शिट्टी फुंकणार नाहीत हे गृहीत धरून खेळायचं आणि पोरांच्या मनात कडवटपणाही येऊ द्यायचा नाही, असं हे दुहेरी शिक्षण.

खरी ठेच सामन्यानंतर लागली. राज्य जिंकणाऱ्या संघाने शहराच्या मध्यावरच्या स्मारक चौकात जाऊन जल्लोष करायचा ही रीत. 1955 मध्ये अ‍ॅटक्सच्या संघाला अग्निशामक बंबावर बसवून चौकात आणलं, एक फेरी मारू दिली आणि तिथून थेट कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे नेलं. शहरात दंगा होईल अशी भीती अधिकाऱ्यांना वाटत होती. स्वतःच्या शहराला पहिलं अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या शाळकरी मुलांबद्दल ही भीती. रॉबर्टसनने आत्मचरित्रात हा सल लिहून ठेवला आहे.

आणि सिनेमा? ‘हूजियर्स’मध्ये शेवटच्या सामन्यात खेडवळ पोरांसमोर जो संघ हरतो, त्याचा कोच झालेला माणूस म्हणजे स्वतः रे क्रो. त्याच्या शेजारी सहायक कोच म्हणून बसलेला ऑस्करचा थोरला भाऊ बेली रॉबर्टसन. या बेलीनेच 1951 मध्ये अ‍ॅटक्सकडून खेळताना शेवटच्या क्षणी शॉट मारून अँडरसनच्या बलाढ्य शाळेला 81-80 ने हरवलं होतं, तेही इथेच. याच छताखाली दोनदा राज्य जिंकलेला कोच पडद्यावर हरणाऱ्या बाकावर बसलेला आहे आणि टेप घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो कोण हे ठाऊक आहे.

मग मी प्लंपच्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबवायला लागलो. प्लंपची जागा दाखवायची आणि म्हणायचं, याच कोर्टवर पुढच्या वर्षी काय झालं माहीत आहे? लोकांच्या तऱ्हा बघण्यासारख्या असतात. काही जण मन लावून ऐकतात आणि फोनमध्ये रॉबर्टसनचं नाव टिपून घेतात. काही जण विनयाने मान डोलावून बाकाचा नंबर विचारतात. एक गृहस्थ म्हणाले, “आम्ही आनंदासाठी येतो हो, इतिहासाच्या तासाला नाही.” त्यांचं वाक्य बरेच दिवस डोक्यात राहिलं. गतकाळाचा गोडवा चाखायला आलेल्या माणसाच्या ताटात कडू वाढायचा डोअरकीपरला काय अधिकार? माझ्या कामाच्या कागदावर तर तिकीट आणि पायऱ्या एवढंच लिहिलेलं आहे.

दुसऱ्या बाजूने असंही वाटे, की नुसत्या गोडव्यावर इमारती टिकत नाहीत. याच शहरात पुरावे आहेत. 1971 नंतर राज्य स्पर्धेचे अंतिम सामने इथून गेले. ते पुढे ज्या मार्केट स्क्वेअर अरीनात रंगले तो 1974 मध्ये बांधलेला, त्या काळचा एकदम आधुनिक. एल्विस प्रेस्लीचा शेवटचा कार्यक्रम 1977 मध्ये तिथेच झाला. 2001 मध्ये सुरुंग लावून तो पाडला. त्यानंतरचं घर हूजियर डोम. 1990 चा शालेय अंतिम सामना तिथे 41,046 लोकांनी पाहिला. तो डोमही 2008 मध्ये जमीनदोस्त झाला. त्या दोन्ही जागांबद्दलही लोकांना माया होती, आठवणी होत्या. तरी त्या गेल्या आणि 1928 ची इमारत उभी आहे.

याचं कारण मला एका इंजिनिअरच्या नजरेने दिसतं ते असं. हिंकल कधी रिकामं पडलंच नाही. मोठे सामने गेले तरी रोजचा सराव, व्हॉलीबॉल, विद्यार्थ्यांचे वर्ग, शाळांच्या स्पर्धा चालू राहिल्या. चालतं इंजिन गंजत नाही. 1987 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तरी इमारतीचं संग्रहालय केलं नाही. 2014 मध्ये साडेतीन कोटी डॉलरहून अधिक खर्चून मोठी दुरुस्ती झाली, आसनं कमी करून नऊ हजारांच्या आसपास आणली, खिडक्या, विटांचं काम, खेळाडूंच्या खोल्या सुधारल्या. जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे ठरवणारे लोक इथे होते. उलट शहराच्या मध्यावर 1999 मध्ये पेसर्स संघासाठी जे नवं सभागृह उभं राहिलं, त्याला जुन्या फील्डहाउससारख्या विटा, कमानीचं छत आणि नावही फील्डहाउसच देण्यात आलं. ते देखणं आहे, मी तिथे नातवाला घेऊन जातो. पण बांधणाऱ्यांनी जुनेपणाचं रूप घेतलं, गैरसोयी घेतल्या नाहीत. अतिक्रमण करणारं बाक तिथे नाही.

काही वर्षांपूर्वी एका सामन्याला ऐंशीच्या पुढच्या एक कृष्णवर्णीय आजी आल्या, बरोबर पणतू. आजींना वर चढवत नव्हतं म्हणून मी कोपर धरला. उताराच्या मध्यावर त्या दम खायला थांबल्या आणि भिंतीच्या विटांवर तळहात ठेवून म्हणाल्या, “मी अ‍ॅटक्सची.” मी लगेच माझं सगळं ज्ञान पुढे केलं. व्यायामगृह लहान होतं ते, रेफरींचं, अग्निशामक बंबाचं, नॉर्थवेस्टर्न पार्कचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बंबाचं तुम्हाला कुणी सांगितलं ते बरं केलं. सांगत जा. पण आधी आत काय झालं ते सांगत जा. मी सोळा वर्षांची होते. त्या रात्री इथे वरच्या बाकांवर इतकी ओरडले की पुढे आठवडाभर मला घरात खुणा करून बोलावं लागलं. या शहरात एवढ्या मोठ्या जागेत मोकळ्या गळ्याने ओरडायला आम्हाला दुसरीकडे कुठे मिळत होतं? तुम्ही फक्त बंब सांगितला तर ही पोरं समजतील की आम्ही त्या रात्री दुःखी होतो. आम्ही राजे होतो.”

पणतूने विचारलं, “किती गुणांनी जिंकलात?” आजींनी आकडा पाठ असल्यासारखा सांगितला, “तेवीस.” मग त्याला त्यांच्या जागेकडे नेताना त्या त्याला कोपरे दाखवू लागल्या. रॉबर्टसन कुठून आत घुसायचा, त्यांच्या मैत्रिणी कुठल्या बाकावर होत्या, वाद्यवृंद कुठे बसायचा. मी मागे मागे चालत होतो. वरच्या बाकांवरच्या गोऱ्या आजोबांच्या तोंडून मिलानबद्दल जे आणि ज्या सुरात ऐकतो, हुबेहूब तेच, त्याच सुरात. डोळ्यांतला ओलावा तोच आणि फुशारकीही तीच.

इतके दिवस मी 1955 ची गोष्ट 1954 च्या गोडव्यावर उतारा म्हणून सांगत होतो. आजींनी दाखवून दिलं की तीही आधी गोड गोष्टच आहे आणि तिच्या धन्यांना ती गोड म्हणून सांगितलेली हवी आहे. अन्याय झाला तो आनंद साजरा करण्यावर. तो आनंद किती मोठा होता हे ऐकणाऱ्याला कळलं नाही, तर अन्यायाचं मापही कळत नाही. चौकातल्या एका फेरीचं दुःख तेवीस गुणांच्या विजयाशेजारी ठेवल्यावरच नीट दिसतं.

तेव्हापासून माझ्या सांगण्याचा क्रम बदलला आहे. कुणी प्लंपबद्दल विचारलं की मी कोर्टवरची जागा दाखवतो, चार मिनिटं तेरा सेकंद सांगतो, त्याचा चेहरा खुलू देतो. मग म्हणतो, आणि बरोबर एका वर्षाने इथेच 97-74. मग रॉबर्टसन, मग आजींचा बसलेला घसा. बंब सगळ्यात शेवटी. एवढ्या क्रमाने सांगितलं की विनयाने मान डोलावून बाकाचा नंबर विचारणारे कमी झाले आहेत. जल्लोषात सामील झालेला माणूस पुढच्या वळणावर पाठ फिरवत नाही.

नव्या हंगामात आमच्याकडे दोन तरुण विद्यार्थी डोअरकीपर म्हणून आले आहेत. मीठ-पाणी कुठे साचतं, कुठल्या रांगेत भांडणं होतात, दारापासून दोन पावलं जागा का सोडायची, हे मी त्यांना शिकवतो. त्याच बरोबर हेही शिकवतो, की प्लंपबद्दल विचारणाऱ्याला दोन वर्षांची गोष्ट सांगायची, एका वर्षाची नाही. त्यातल्या एकीने विचारलं, “आणि त्यांना घाई असेल तर?” मी म्हटलं, घाई असणारा माणूस प्लंपबद्दल विचारत नाही.